सातव्या दगडाची जागा

सर, तुमच्या गावच्या थडग्याविषयी आज वसईजवळच्या उमेळ्यात, सभेत बोललो. टाळ्या मिळाल्या. पण पहिल्या रांगेत ती बसली होती, आणि ती समोर असली की माझा आवाज मलाच पोकळ वाटतो. ती, म्हणजे पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, माझ्याच वर्गातली, तुमची लाडकी. हा शब्द लिहिताना या वयातही दात आवळले जातात.

शाळेत असताना एका दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आम्हा दोघांना वसईहून विदर्भातल्या तुमच्या गावी नेलंत. शेताच्या कडेला मोठ्या दगडांचं वर्तुळ, मधे दगडगोट्यांचा उंचवटा, आणि खाली कुणीतरी पुरलेलं, माणूस लिहायला शिकण्याच्या कितीतरी आधीचं. गावकरी बांध घालायला त्यातले दगड नेत होते. आधी प्रत्येक दगडाची जागा कागदावर हवी, तुम्ही म्हणालात. मोजायची टेप अपुरी पडते. ती पिशवीतून वडिलांच्या जाळ्याची दोरी काढते, हात-हात अंतरावर गाठी मारते आणि मुकाट्याने मोजायला लागते. तुम्ही हसता. "बघ रे वक्त्या, हिला बोलावं लागत नाही." दुपारी तिच्या नकाशाच्या कोपऱ्यात तुम्ही 'शाबास' लिहिलंत. माझ्या कुठल्याच वहीत तो शब्द नव्हता.

संध्याकाळी गावकऱ्यांसमोर मला बोलायचं होतं. सातवा दगड आडवा पडलेला, मला तो केविलवाणा वाटला. चार माणसं लावून तो रस्त्याच्या बाजूला ओढला, उभा केला, त्याला चुना फासला, आणि त्याच्याशेजारी उभा राहून असा बोललो की यापुढे एकही दगड न्यायचा नाही, असं गावाने तिथेच ठरवलं. सकाळी ती विचारते, "दगड कोनी हलवला?" तुम्ही ओल्या फडक्याने चुना पुसत होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "तो पडला होता, पडलेलाच जपायचा होता. दुसऱ्याच्या थडग्यावर तू स्वतःचं व्यासपीठ बांधलंस." टेप तुम्ही तिला देऊन टाकलीत. थडगं माझ्या भाषणाने वाचलं, सर. हे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत.

त्याच दिवशी निघायचं होतं, दगड पुढच्या खेपेला नकाशा बघून जागी न्यायचं ठरलं. परतताना मी तिच्या वहीतून नकाशाचं पान फाडून घेतलं. ते हरवलं म्हणून तुम्ही तिला एका शब्दाने बोलला नाहीत, याचाही मला राग आला.

तुम्ही गेल्यावरही ती दरसाल तिथे जाते, कुंपणाच्या तारा बघते. आज सभा संपल्यावर म्हणाली, "छान बोलतोस तू. तो सातवा तेवढा जाग्यावर नेता आला असता. पान काय मिळालं नाही रे."

पान माझ्यासमोर आहे. गाठींची मापं अजून स्वच्छ वाचता येतात. उद्या पाचूबंदरला जाऊन तिच्या हातात देणार आहे, जे म्हणेल ते ऐकून घेणार आहे. हे पत्र मात्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगतो. मापं सगळी तिची, ती तिला मिळतील. पण 'शाबास'चा तेवढा कोपरा कापून ठेवावा म्हणून मी मघाशी कात्री काढली, आणि ती अजून आत ठेवलेली नाही.