अंबू माझ्या मालमत्तेत नाही

मी, नरसिंहमूर्ती अनंतकृष्ण राव, वय बहात्तर, पाटबंधारे खात्यातील निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार अग्रहार, मैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ती थोडी आधी कामाला आली असती तर बरे झाले असते, पण त्याचा दाखला डॉक्टर देत नाहीत.

कलम १. मी स्वकष्टाने बांधलेले राहते घर, मागची विहीर व दोन नारळाची झाडे यांसह, माझी धाकटी बहीण अंबाबाई, जिला सगळे अंबूताई म्हणतात, तिला पूर्ण मालकीहक्काने देतो. तिने त्यात राहावे, ते विकावे, किंवा कुलूप लावून निघून जावे. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

कलम २. मुलगा चिदंबर याने रागावू नये. त्याला बंगळुरात घर आहे. माझी ड्रॉइंगची पेटी, टी-स्क्वेअर आणि आजोबांचे घड्याळ त्याने न्यावे. घड्याळ दिवसाला दहा मिनिटे मागे पडते, हे त्याला ठाऊक आहे.

गेल्या दसऱ्याला जेवताना तो मला म्हणाला, "अप्पा, तुमच्यानंतर अत्तेची काळजी करू नका. आम्ही दोघंही कामाला जातो. ती आली की घराला माणूस होईल." अंबू त्या वेळी त्यालाच सारू वाढत होती. पोरगा वाईट नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझ्याकडे बघत तो मोठा झाला. म्हणून येथे स्पष्ट लिहितो की अंबू माझ्या मालमत्तेत नाही. ती कोणाच्या वाट्याला येणार नाही, आणि तिला कोणी घेऊन जाणार नाही.

कलम ३. नोकरी सांभाळून मी पुण्याच्या मासिकांसाठी यंत्रमानवांच्या एकतीस कथा लिहिल्या. सगळ्यांचा गाभा एकच. हुकूम पाळण्यासाठी घडवलेले यंत्र एके दिवशी मालकाला विचारते, मला कोणी विचारले होते का? वाचकांची पत्रे येत. मैसूरात राहून इतके चांगले मराठी लिहितो याचेही कौतुक होई. एका संपादकाने मला न विचारता माझ्या यंत्रमानवाला शेवटी मालकाच्या पायावर घातले. त्यांना मी क्षमा केलेली नाही, आणि मेल्यावरही करण्याचा विचार नाही. हस्तलिखितांचे काय करायचे ते अंबूने ठरवावे. तिने बंबात घाला म्हटले तर घालावीत.

कलम ४. मित्र हयग्रीव याच्याशी मी अकरा वर्षे बोललो नाही. माझे पुस्तक निघाले तेव्हा घरी चार मंडळी जमली होती. हयग्रीव हातातला पेला दाखवून म्हणाला, "मूर्ती, तुझी यंत्रं छान बोलतात. पण ही कॉफी कुणी केली? तिला कधी विचारलंस, तुला काय पाहिजे म्हणून?" मला वाटले जळतोय. त्याला मी घराबाहेर काढले. परवा मीच त्याच्या दाराशी गेलो. तो या मृत्युपत्राला साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही न देणे बरे, असे वकील म्हणतात. तेव्हा त्याला एवढी कबुलीच देतो की तो खरे बोलला होता.

कलम ५. हे कलम गाळा, असा वकिलांचा सल्ला आहे. गाळत नाही.

राज्यांची नवी रचना झाली त्याच वर्षी अंबूचा नवरा गेला. ती एकवीस वर्षांची होती. एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली आणि घरकाम करता करता कन्नडमधून मॅट्रिक झाली. १९६१च्या जूनमध्ये सरगूरच्या प्राथमिक शाळेत तिला शिक्षिका नेमल्याचे पत्र आले. आमची आई गोदावरीबाई अंथरुणाला खिळलेली, बायको कै. वेदवती तेव्हा बाळंतपणाला टी. नरसीपूरला, आणि माझी पहिली कथा अर्धवट. ही गेली तर करणार कोण, एवढाच विचार मी केला. "घरगुती अडचणीमुळे नेमणूक स्वीकारता येत नाही," असा अर्ज लिहून मी तिच्यापुढे ठेवला.

"होकाराचंच ना हे, अण्णा? सही एल्ली करू?"

"इथं," म्हणून मी बोट ठेवले. तिने न वाचता सही केली.

मग तिने ट्रंक भरली. महिनाभर पोस्टमनची वाट पाहिली. विचारले की मी म्हणायचो, "सरकारी काम, अंबू. उशीर होतोच." श्रावणात तिने ट्रंकेतल्या साड्या काढून पुन्हा फळीवर ठेवल्या. त्याच आठवड्यात माझी कथा पूर्ण झाली. ती फार गाजली. तिच्यात यंत्रमानव स्वतंत्र होतो.

सदतीस वर्षे मी हे तिला सांगू शकलो नाही. मला स्वतःची लाज वाटते. मी मेल्यावर वकिलाच्या तोंडून तिला कळावे, इतका भ्याडपणा मात्र करणार नाही.

कलम ६. माझ्या तेरा दिवसांत अंबूने स्वयंपाकघरात जाऊ नये. आचारी बोलवावा. "अंबूताई, जरा" अशी हाक कोणी मारू नये, विशेषतः कृष्णराजनगरच्या पाहुण्यांनी.

कलम ७. आत्ताच हयग्रीव आणि शेजारी दत्तोजीराव यांच्यासमोर अंबूला खुर्चीवर बसवून वरील सर्व मी तिला वाचून दाखवले. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. सरगूरचे नाव आले तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहून पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी म्हणालो, "अंबू, शिव्या दे मला. काहीतरी बोल. तुला काय पाहिजे ते सांग."

ती नेहमीच्या कानडीमिश्रित बोलीत म्हणाली, "आयता, अण्णा? झालं का वाचून? उठू का मग आता?"

ऊठ म्हटले तरी हुकूम माझाच, आणि बस म्हटले तरी माझाच. हयग्रीव खिडकीकडे तोंड करून उभा आहे. मी हे कलम लिहीत आहे, आणि ती अजून खुर्चीवर बसून माझ्याकडे बघते आहे.

वरील मजकूर माझा आहे व मला कबूल आहे.

नरसिंहमूर्ती अनंतकृष्ण राव (सही)

त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. हयग्रीव (सही)
२. दत्तोजीराव (सही)

मैसूर, १९ नोव्हेंबर १९९८