सुदेशविरुद्ध साक्ष

गौरवी बाये,

मी सकाळच्या बसने पेडण्याला पोलीस स्टेशनवर जाते. तुला ताप होता म्हणून उठवलं नाही. चुलीवर पेज ठेवलीय, चार घास तरी खा. सुदेश तुयेच्या फॅक्टरीतून तीनला सुटेल, त्याआधी तुझा भाऊ पार्सेहून न्यायला येतोय. तोवर आतून कडी घाल, भावाचा आवाज ओळखल्याशिवाय काढू नकोस.

काल त्या पोलीस बाई तुला म्हणाल्या, "बायकोवर जबरदस्ती केली म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसत नाही. मारहाण नि छळ लिहून घेते. पण घरातलं कोणी साक्ष देईल?" तू माझ्याकडे बघितलंस आणि मी मान खाली घालून पदर सारखा करत बसले. त्याची मला फार लाज वाटते गो.

दोन वर्षं तुझं "नको, नको" मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. नवरा-बायकोतलं आहे म्हणत मी कूस बदलायचे. सुदेशचे वडीलही तसेच होते, आणि माझी सासूही अशीच पलीकडे पडून असायची. आज मी ऐकलेलं सगळं सांगून खाली सही करणार आहे.

सुदेश माझ्या पोटचा आहे. त्याला न्यायला गाडी येईल तेव्हा मी रडेन, कदाचित तुझे पायही धरेन. तरी तू तक्रार मागे घेऊ नकोस.

— आई