बारा खणांची मांडणी

आंबवडे, ता. भोर
२० ऑक्टोबर २०२३

तीर्थस्वरूप सोजराअक्का हिस,
आनंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. तुझ्या वाड्यावर रेंज नाही आणि असती तरी तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणजे पत्रच लिहायला हवं. तरी हात चालला नाही. बनाला जाऊन परवा वर्ष झालं. आईच्या वर्षश्राद्धाला वैष्णवी सुरतेहून आली, दोन दिवस राहिली, जाताना बापासाठी मसाला करून ठेवून गेली. लेक गेली आणि घर पुन्हा जसंच्या तसं. बोलायला पोस्टमन अमृत, तोही माझ्या नावाचं टपाल असेल तरच.

म्हणून पेट्यांना पुन्हा हात घातलाय. देवळातल्या भजनाच्या पेट्या मी हौसेनं दुरुस्त करतो, हे तू बनाच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं असशील, तक्रार म्हणूनच. फुंकलं की वाजणारे पितळी सूर, स्प्रिंगा, कातड्याचे तुकडे, सगळा एकच ढीग टेबलावर. आवरायची ती. आता टेबलावर बसेल अशी मांडणी मीच करतोय. लाऊडस्पीकरचं जुनं खोकं फोडून फळ्या काढल्यात. बारा सुरांचे बारा खण, आणि खाली किरकोळ सामानाला तीन मोठे.

तुझ्याकडे एक काम आहे. खणांना मुठी हव्यात. बाजारात मिळतात त्या सगळ्या सारख्या. घरात काय सापडेल ते बारा नग पाठव, फक्त एक दुसऱ्यासारखा नको. रंग कसाही असू दे, हाताला वेगळा लागला पाहिजे.

गुडघ्यांना जप. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
आनंदा

वरचा धनगरवाडा, पो. वेल्हे
६ नोव्हेंबर २०२३

चिरंजीव आनंदास,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुजं पत्र पोचलं. हितं समदं बरं हाय. थंडी लवकर पडली. परवा बिबट्यानं शेजारच्या कोंडिबाचं करडू उचललं, तवापासून शेळ्या दिस मावळायच्या आत कोंडते.

पिशवीत बघ. सागरगोटा हाय, कवडी हाय, रिठा, घुंगरू, मेंढ्याच्या शिंगाचा तुकडा, बाभळीची गाठ, आसं अकरा नग जमलं. बारावा काय गावंना. मग तुज्या दाजींच्या कोटाचं बटाण तोडलं. कोट कोण घालतंय आता.

पर एक सांग. तुजं अक्षर म्हंजी मोती. तू साळंतनं आलास की तुज्याच पाटीवर गिरवून म्या ल्ह्याया शिकले. आन् ह्या पत्रात येकेक अक्षर जांभळायेवढं, वळी तर डोंगरावनं घसरल्यागत. ह्या वयात प्यायला लागलास का काय?

माजा गोरख गणपतीला भोसरीवनं आला तवा मोबाईलवर फोटू काडला, तो छापून दिलाय. सोबत धाडते. बघ आन् सांग, कशी दिसतीया.

जेवणाची हयगय करू नगं.

तुजी,
अक्का

आंबवडे
२५ नोव्हेंबर २०२३

तीर्थस्वरूप अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी मिळाली. बाराच्या बारा मुठी बसवल्या. सा ला सागरगोटा, रे ला कवडी, ग ला दाजींचं बटण. दाजींना गाण्याचा कंटाळा होता, पण आता त्यांचा इलाज नाही.

पावसाळ्यात फळ्या फुगल्या होत्या, त्यामुळे खण अडकत होते. कडांना मेणबत्ती घासली, आता बोटानं ओढले तरी सरकतात. करवतीनं अंगठा थोडा कापला होता, भरून आलाय. कामथडीच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला आलीय. तिच्या भात्यातून वारा गळतो, म्हाताऱ्यासारखी धापा टाकते.

अक्षराचं म्हणशील तर पेन खराब झालंय. पिण्याबिण्याचं काही मनात आणू नकोस. फोटो फार छान आलाय. या वयात अशी ताठ उभी आहेस, नवं लुगडंही शोभतंय तुला.

वैष्णवीचा रविवारी फोन येतो. बाकी विशेष नाही. आठवण ठेव.

तुझा,
आनंदा

वरचा धनगरवाडा
१४ डिसेंबर २०२३

चिरंजीव आनंदास,
आशीर्वाद.

त्या फोटूत म्या न्हाई. तो आपल्या मोऱ्या गाईचा फोटू हाय, पोटाशी वासरू हाय.

तुजं पत्र वाचून पयलं म्या लई हासले. शेजारच्या साळूबाईला जाऊन सांगितलं, माज्या भावाला गाय आन् बहीण येकच दिसतीया. तीबी हासली. मग शेळ्या घिऊन माळावर गेले, तितं हासू जिरलं. जांभळायेवढी अक्षरं. हाताला येगळी लागणारी मूठ. रंग कसाबी चालंल. समदं येका जागी आलं. शेळ्या कुणाच्या हरभऱ्यात शिरल्या त्याबी दिसल्या न्हाईत.

तुला दिसत न्हाई, व्हय ना? भैरवनाथाची आन हाय, खरं सांग. कवापासनं? बनाला ठावं हुतं? लेकीला ठावं हाय का?

हे पत्र आता तू कुणाकडनं तरी वाचून घेशील. अमृतदादा, तुमी वाचत आसाल तर काय बी गाळू नगा.

आनंदा, हितं ये. गोरखला सांगते, टेम्पो घिऊन यील. टेबल, पेट्या, तुजी मांडणी, समदं आणू. भाकरी येकीची काय, दोघांची काय.

लवकर कळव. वाट बघतीया.

तुजी,
अक्का

आंबवडे
२८ डिसेंबर २०२३

तीर्थस्वरूप अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर अमृतचं आहे, शब्द माझे. तुझं पत्र त्यानं दोनदा वाचलं. काही गाळलं नाही.

काचबिंदू आहे. बनाच्या आजारपणात डोळे दुखायचे, कडेचं दिसेनासं झालं होतं, पण तेव्हा दवाखान्याच्या वाऱ्या तिच्या होत्या, माझ्या कुठून करणार? तिला कळू दिलं नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं. उरलंय ते म्हणजे बांगडीतून पाहावं तेवढं, तेही धुक्यातलं. तुझं दिवाळीचं पत्र भिंगानं वाचलं. फोटोत कोणीतरी उभं आहे एवढंच कळलं, बाकीचं मी मनानं लावलं. वैष्णवीला सांगितलेलं नाही. सांगितलं की ते खरं होतं, अक्का.

भोरच्या छापखान्यात अठ्ठावीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. कोणता खिळा कोणत्या खणात ते हाताला पाठ होतं, नजर फक्त कागदावर. तो छापखाना बंद झाला, पण हाताची सवय गेली नाही. तिच्याच भरवशावर ही मांडणी केली. मूठ चाचपली की सूर कळतो.

तुझ्याकडे मला यायचं नाही. राग मानू नकोस. इथं खाटेपासून चुलीपर्यंत अकरा पावलं आहेत, न्हाणीपर्यंत सात. इथं मी पेटीवाला आनंदराव आहे. तुझ्याकडे आलो तर भिंतीला टेकवून ठेवलेलं पोतं होईन. तू दिवसभर माळावर, मी उंबऱ्यात. कोण आलं, कोण गेलं, विचारत बसायचं.

खरं सांगायचं तर इथंही कोणी येत नाही. कामथडीची पेटी गेली, तेव्हापासून काम नाही. संध्याकाळी नुसतेच खण उघडतो, एकेक सूर तोंडानं फुंकतो आणि पुन्हा ठेवून देतो. हे वाक्य लिहू नको असं अमृतला म्हणालो होतो. तो म्हणतो, अक्कांनी गाळू नका म्हणून सांगितलंय.

तू येऊ नकोस. तीन एस. टी. बदलाव्या लागतात. लोभ कमी करू नकोस.

तुझा,
आनंदा

वरचा धनगरवाडा
४ फेब्रुवारी २०२४

चिरंजीव आनंदास,
अक्काचे आशीर्वाद वि. वि.

म्या काल सुखरूप पोचले. साळूबाईनं शेळ्या नीट राखल्या. तू येऊ नगं म्हणलास तरी आले, आन् आले ते बरंच झालं.

आता हे तोंडानं बोलवलं न्हाई ते ल्हिते. त्या दिशी दारात आले तवा तू टेबलाशी हुतास. म्या आवाज दिला न्हाई. तुजं हात बघत ऱ्हायले. येक खण चुकला न्हाई. म्या म्हणलं हुतं, आंधळा भाऊ बघाया चालले. तितं तर कामात गुतलेला माणूस दिसला. मग तू मान वळवलीस. कोण हाय म्हणून इचारलं आसशील, ओठ हाललं तुजं.

आनंदा, माजं कानबी आता पार गेलंत. लपवलं म्याबी. पयला अख्खा दिस तू बोलत हुतास आन् म्या नुसती मान हालवत हुते, आन् ती मान तुला दिसत नव्हती. तुला वाटलं अक्का रुसली. दुसऱ्या दिशी तुजं तूच वळखलंस, माजा हात धरून तळव्यावर बोटानं येकेक अक्षर काडलंस, तवा कुटं बोलणं सुरू झालं. आट दिसांत जेवडं बोललो तेवडं धा वर्सांत बोललो नसू.

हितं ये म्हणून आता म्हणणार न्हाई. म्याबी माळ सोडून तितं ऱ्हाणार न्हाई, हे तुलाबी कळलंय. पर लेकीला सांग. आन् पत्र आपल्या हातानं ल्ही. अक्षरावर अक्षर चढलं तर चढू दे, म्या सोडवून वाचीन. मला घाई न्हाई.

तुजी,
अक्का

आंबवडे
१९ फेब्रुवारी २०२४

अक्का,
शि. सा. न. वि. वि.

स्वतःच्या हातानं लिहितोय, म्हणून थोडक्यात. वैष्णवीला सांगितलं. फोनवर खूप रडली. होळीला येतेय.

मिठाचा डबा तू चुलीजवळून उचलून खिडकीत ठेवून गेलीस. या घरात वस्तू हलवायची नाही, हे तुला आठ दिवस सांगत होतो. तू गेल्यावर त्या जागी हाताला साखरेचा डबा लागला आणि दोनदा आमटीत साखर पडली. तिसऱ्या दिवशी चाचपडत सगळं घर फिरलो, तेव्हा डबा सापडला. फार चिडलो.

पुन्हा चुलीजवळ आणला नाही. तू ठेवलास तिथंच आहे.

आनंदा