मशीन चालू असताना

आप्पा,

माझ्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली आहे. बारीक, सरळ, न थांबणारी. मी मुद्रितं तपासते, दिवसभर घरात एकटी असते; तिला झाकायला दुसरा आवाज नाही. पहिल्या दिवशी मी फ्रिज बंद केला, मग इन्व्हर्टर, मग मेन स्विच. घर पूर्ण गप्प झालं आणि शिट्टी तेवढीच राहिली. तेव्हा तुमची आठवण झाली आणि भीती वाटली.

रबाळ्यातलं पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस शॉप बंद होईपर्यंत तुम्ही माझ्याशी कानाबद्दल कधी बोलला नव्हतात. हाताच्या अंतरावर दिवसभर साचा पत्र्यावर आपटायचा. कानात घालायचे बोळे तुम्ही खिशातच ठेवायचात. "तितं गेलं की कान गप बसतोय," असं तुम्हाला आईशी बोलताना मी ऐकलं होतं. अर्थ कळला नव्हता. मग कारखाना गेला, तुम्ही घरी बसलात. एका दुपारी तुम्ही ओट्यापाशी उभे आहात, मिक्सरचं भांडं रिकामं, बटण फिरवलेलं, डोळे मिटलेले. आई भाजी घेऊन दारात येते. "अवो, वाऱ्याची चटणी करताय व्हय?" मी हसते. तुम्हीही हसता, पण मिक्सर बंद करत नाही.

हसणं फार दिवस टिकलं नाही. माझं बारावीचं वर्ष. जमिनीवर बसून मी मनातल्या मनात वाचत होते. तुम्ही म्हणालात, "बंद कर ते."

"काय, आप्पा?"

"कवाधरनं चाललंय तुझं. बंद कर म्हंतो न्हवं!"

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. माझे ओठ मिटलेले होते. ते तुम्हाला दिसलं, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. पुढे तुम्ही वरच्या मजल्यावर जाऊन, आवाज बंद करा म्हणत दारं ठोठावू लागलात. आई सगळ्यांना सांगायची, स्वभावच बदलला ह्यांचा.

वाशीच्या डॉक्टर म्हणाल्या, एकाच कानात आहे, कानाच्या नसेवर गाठ नाही ना ते बघायला हवं, एमआरआय करा. मी गाठीचं विचारलं नाही. विचारलं, या आवाजाने माणूस बदलतो का. असा आवाज ऐकणाऱ्यांच्या मेंदूंची इतरांशी तुलना केली तर काही ठिकाणी थोडा फरक सापडतो, म्हणाल्या. ऐकण्याच्या भागात, आणि लक्ष, भीती, भावना सांभाळणाऱ्या भागांतही. पण सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. आवाजामुळे मेंदू बदलतो की मेंदू तसा असतो म्हणून आवाज येतो, हेही ठरलेलं नाही. "आणि हे खूप जणांचे स्कॅन एकत्र बघितले तर कळतं. तुमच्या एकटीच्या स्कॅनमध्ये नाही दिसणार. टेन्शन घेऊ नका."

म्हणजे गाठ असेल तर दिसेल. मी तुमच्यासारखी होते आहे का, ते दिसणार नाही. परवा नवरा समोर बसून जेवत होता आणि मी ओरडले, "हळू!" तो घास हातात धरून म्हणाला, "अगं, मी काय केलं?" खरंच काही केलं नव्हतं. तेव्हापासून जेव्हा भीती वाटते तेव्हा मी थांबून बघते, ही माझी की मेंदूतल्या त्या भागाची.

आज सकाळी मला मशीनमध्ये सरकवलं. डोक्याभोवती पिंजरा, कानांत बोळे. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, अजिबात हलायचं नाही हां. हललात तर परत करावं लागेल." मग ठोके, घरघर, पुन्हा ठोके. त्यात शिट्टी बुडाली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. रडू आलं ते मी दाबलं.

रिपोर्ट उद्या येईल. बाहेर नवरा म्हणाला, "एवढा वेळ?" मी म्हटलं, लागतो. तुम्ही आता नाही, म्हणून तुम्हाला सांगते; हे कुठे जाणार नाही. ठोके संपत आले असं वाटलं तेव्हा मी मान हलवली. मुद्दाम.