दोघांपुरते इंग्रजी

प्रिय कमल,

तू जाऊन आठ महिने झाले. आज लिहायला बसलो, त्याला निमित्त सहामाहीच्या वह्यांचे. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला पडणारे कोडे याही वर्गाला पडलेले दिसले. आपण 'परवा' म्हणून मोकळे होतो, तिथे इंग्रजाला 'द डे आफ्टर टुमॉरो' अशी चार शब्दांची फरफट का करावी लागते? एवढ्या मोठ्या भाषेला त्यासाठी एक शब्द जमू नये? मी लाल शाईने ते चार शब्द लिहीत गेलो आणि विसाव्या वहीवर हात थांबला. कारण शब्द होता. तूच तो शोधला होतास.

घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून मी तो पुठ्ठा निघालेला इंग्रजी कोश आणला, तेव्हा तुझी शाळा मराठी सातवीपर्यंत झालेली होती आणि इंग्रजी तू माझ्याकडून दोन वर्षे शिकत होतीस. तांदूळ निवडताना कोश शेजारी उघडा असायचा.

"अहो, हे बघा. 'ओव्हरमॉरो'. म्हणजे आपला उद्यानंतरचा परवाच की. मग टाकला का यांनी?"

मी रीतसर समजावले: शब्दाचे काम दुसऱ्या कुणी उचलले, किंवा ते कामच संपले, की शब्द जुना होतो.

"पण परवा कुठे संपलाय? तो येतोच ना," तू म्हणालीस.

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत पडद्यापलीकडे आई आणि वसंता. नवराबायकोने एक वाक्य आपसांत बोलावे अशी जागाच नव्हती. साधे इंग्रजी उपयोगाचे नव्हते. माझा धाकटा भाऊ वसंता मॅट्रिक झालेला; त्याला ते कळले असते. म्हणून आपण इंग्रजांनीच अडगळीत टाकलेले शब्द वापरू लागलो. वसंता उशिरा उठला, की चहा पुढे करताना तू गंभीरपणे म्हणायचीस, "स्लगअबेड." अंथरूण न सोडणारा आळशी.

"वहिनी, आमच्या मॅट्रिकला नव्हती हं ही इंग्रजी."

"असेल हो भावोजी. तो तास सकाळचा असेल."

"काय पुटपुटता रे दोघं?" आई आतून विचारायची, आणि तू तोंडाला पदर लावायचीस.

सर्वांत मोलाचा सापडला तो 'दाऊ'. मी उत्साहाने सांगत सुटलो, की इंग्रजीतही एके काळी 'तू' होते. माणसे आदरापोटी सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणू लागली आणि 'तू' उरले देवापुढच्या प्रार्थनेत. तू ऐकलेस, पडद्याकडे पाहिलेस आणि हळूच विचारलेस, "मग मी तुम्हांला तसं म्हटलं तर चालेल?"

मराठीत तू मला जन्मभर 'अहो'च म्हणणार होतीस. त्या दिवसापासून त्या इंग्रजीत मी 'दाऊ' झालो. एवढ्या जवळिकीने मला तोवर कुणी हाक मारली नव्हती.

मग तुझ्या हृदयाच्या झडपेचे दुखणे बळावले. डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून सांगितले, "मास्तर, फार तर पंधरा दिवस." मी वर आलो. आई तुझे पाय चेपत होती. तू माझा चेहरा वाचलास आणि आपल्या भाषेत विचारलेस, "टेल मी, दाऊ. हाऊ मेनी ओव्हरमॉरोज?"

आणखी किती परवा?

कमल, ते इंग्रजी आपण खरे बोलण्यासाठीच जमवले होते ना? आईला एक अक्षर कळले नसते. आणि मी काय केले? सगळ्या घराला ऐकू जाईल अशा मराठीत म्हणालो, "भलतंसलतं विचारू नकोस. बरी होशील."

"बरं," म्हणालीस. "अहो, तुम्ही जेवून घ्या."

पुढे तू अकरा दिवस होतीस. मी रोज उशाशी बसत होतो. आपला एकही शब्द पुन्हा तुझ्या तोंडून आला नाही. पाणी मागितलेस, आईची चौकशी केलीस, सगळे मराठीत. मला रागावलीही नाहीस. निदान रागवायचे तरी होतेस.

ही चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. मुलांच्या वह्यांत चुकीखाली मी बरोबर उत्तर लिहून देतो. इथे लिहायला वहीच उरली नाही.

शब्द जिवंत आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. कोशात पाहू नये, कोश मेलेलेही सांभाळतो. आपल्या घरात दोघांनाच ठाऊक असलेला एखादा शब्द घ्यावा, घरात मोठ्याने म्हणावा आणि मनात दहापर्यंत मोजावे. कुणी ओ दिली, तर तो जिवंत.

मी ही परीक्षा रोज एका शब्दाची घेईन. ओ येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही दहा पुरे होईपर्यंत मध्येच दुसरे काही बोलून तुला गप्प करणार नाही, एवढे वचन देतो.

तुझा,
वामन