टाळूचा साचा

स्टेट कॉलेज गाव, अमेरिका, मंगळवार, ऑक्टोबर १९८४

नातीच्या फ्रेंच प्रोफेसरने आज तोंडात लगदा कोंबून माझ्या टाळूचा साचा काढला. मेला जन्मभर उच्चारांवरच पुस्तकं लिहितोय. ‘ळ’ म्हणताना माझी जीभ कुठे टेकते, ते बघायचंय त्याला!

कपाटात तसल्याच साच्यांची रांग होती, प्रत्येकावर कुणा बाईचं नाव. “या बायका कुठे असतात गं?”

“त्याच्या पुस्तकातल्या आहेत, आजी. आता सगळ्या डेड.”

रांगेच्या टोकाला त्याने माझा ठेवला.

संध्याकाळपासून पाणी पितेय, तरी टाळू कोरडीच. असं का?

“आजी, इट्स जस्ट प्लास्टर!”

“मग मी मेल्यावर गंगाजल कुठल्या तोंडात घालशील?”

ती हसली नाही.

उद्या माझा साचा परत आण, म्हटलं. जाताना गंगेचा गडू ने. बाकीच्या कधीच्या तहानलेल्या असतील.