मुहूर्ताचा गुडघा

मारतहळ्ळी, ९ जून २०२४

ती. अक्काआत्यास,
शि. सा. न., आणि विनंती या वेळी खरोखर विशेष.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे ओरडून विचारण्यासारखं नाही. म्हणून तूच पाटीवर शिकवलेल्या अक्षरांत लिहिते. माझ्या सुप्रीताला वर्षभर दर महिन्याला ताप येतो, गुडघा सुजतो. पाच दिवस ती माझ्या कडेवर, सहाव्या दिवशी सोफ्यावरून उड्या. जंतू काही सापडत नाहीत. सांध्यांच्या डॉक्टर म्हणतात, शरीर आपलं आपणच पेटत असावं, आणि हे घराण्यातून आलेलं असावं. जनुकांत एक बदल दिसला आहे, पण तो निरुपद्रवीही असू शकतो. घरात आणखी कुणाला असाच त्रास असेल आणि त्याच्या रक्तात तोच बदल निघाला, तर खात्री होऊन औषध सुरू करता येईल. सोबत सव्वीस प्रश्न आहेत. चौदावा आजोबांच्या पोटाबद्दल आहे, त्याची आगाऊ क्षमा.

लोभ आहेच, या वेळी आठवणीलाही ताण द्यावास.
तुझी आश्लेषा

आनेकल, १६ जून

चि. आश्लेषास, अनेक आशीर्वाद.

सव्वीस प्रश्नांना एकच उत्तर: आपल्या घराण्यात असलं काही नाही. आजोबांचं पोट उत्तम होतं, मोठं होतं इतकंच. आजारी म्हणशील तर तुझा वादिराजकाका, आणि त्याला आळस हा एकच आजार. माझा सख्खा धाकटा भाऊ म्हणून सांगते. लहानपणापासून कुणाची मुंज असो, लग्न असो, पाट मांडायची वेळ झाली की याला ताप आणि गुडघा नवलकोलाएवढा. पाच दिवस एरंडाची पानं बांधून पडायचा, सहाव्या दिवशी चालत स्टँडवर डोसा खायला. मुहूर्ताचा गुडघा म्हणायचो आम्ही त्याला. साठी उलटली, अजून दर महिन्याला तेच.

फार विचार करू नकोस. करशीलच म्हणा.
वसुमती

मारतहळ्ळी, २० जून

ती. अक्काआत्यास, घाईचा नमस्कार.

तुझं पत्र सात वेळा वाचून डॉक्टरांना दाखवलं. त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, आळस इतका वेळापत्रकाने येत नाही. बाबांना त्रास नव्हता, तरी बदल त्यांच्याकडून पुढे आला असेल. काकाला लगेच रक्त द्यायला पाठव.

वाट पाहणारी,
आश्लेषा

आनेकल, २५ जून

चि. आश्लेषास, आशीर्वाद.

माझं रक्त हवं असल्याचं कळलं. आळशाचं आहे, नळीत उतरायलाही कंटाळेल. सुप्रीतासाठी दोन्ही हात पुढे करीन, पण साठ वर्षं ऐकून घेतलं आहे. अक्काने आधी लिहून द्यावं की मी खरंच आजारी होतो. ती म्हणते, सिद्ध झाल्यावर देईन. रक्त दिल्याशिवाय सिद्ध होत नाही. तर गाडी स्वल्प इथे अडली आहे.

तुझा कामचुकार काका,
वादिराज

आनेकल, २९ जून

चि. आश्लेषास, आशीर्वाद.

सुप्रीताला परत ताप आल्याचं कळलं. हट्ट आमचा आणि पाय तिचा सुजतो, हे बरं नव्हे. सकाळी कागदावर सही करून दिली: ‘वादिराजचा गुडघा खरा होता. महिन्याच्या उरलेल्या पंचवीस दिवसांबद्दल मला काही म्हणायचं नाही.’ त्याने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि सदरा बदलून बस पकडायला गेला.

पोचला की कळव.
वसुमती

मारतहळ्ळी, ६ ऑक्टोबर

ती. अक्काआत्यास, शि. सा. न.

तोच बदल काकाच्या रक्तातही निघाला होता, आणि दोघांना त्याच गोळ्या सुरू झाल्या, हे तुला ठाऊकच आहे. आज मोजलं: ऑगस्ट, सप्टेंबर दोन्ही महिने सुप्रीता एकदाही झोपून राहिली नाही. कडेवर घेतलं तर रागावते. माझ्या हातांना आता काय करावं कळत नाही.

दोघांनाही नमस्कार. गोळी जेवणानंतर, हे काकाला पुन्हा सांग.
आश्लेषा

आनेकल, १३ ऑक्टोबर

चि. आश्लेषास, आशीर्वाद.

घराचं रंगकाम काढलं आहे. वादिराजला कपाट हलवायला सांगितलं. गुडघा उत्तम आहे त्याचा, पण आता कंबर धरली आहे. याबद्दल डॉक्टरांना काही विचारू नकोस. एक अक्षर नको.

तारीख मात्र मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.
वसुमती